दिव्यांचा सांभाळ करणारे काका केळकर

जुन्या दिव्यांचा मला नाद आहे. देवघरातल्या दिव्यांचा नव्हे, रस्त्याच्या खांबावरच्या दिव्यांचा. नगरपालिकेने किंवा ग्रामपंचायतीने काढून टाकलेला आणि भंगारात गेलेला दिवा वजनाच्या भावाने विकत घ्यायचा, त्याची पत्र्याची टोपी घासून स्वच्छ करायची, आतली जळकी वायर काढून नवी घालायची आणि तो पुन्हा लावून पाहायचा, हा माझा सुट्टीतला उद्योग. भोर आणि वेल्हे या आमच्या भागात अशा उद्योगाला छंद म्हणण्याची पद्धत नाही. टपाल तिकिटे जमविणाऱ्याला लोक छंदी म्हणतात, खांबावरचे दिवे जमविणाऱ्याला भंगारवाला म्हणतात. या थट्टेला उत्तर म्हणून नव्हे, पण आपण करतो आहोत त्याला काही अर्थ आहे की नाही हे स्वतःला समजावे म्हणून मी एका मोठ्या संग्राहकाचे चरित्र वाचू लागलो. ते संग्राहक म्हणजे पुण्याचे काका केळकर. त्यांचा जीवनवृत्तांत वार्षिकाच्या वाचकांपुढे ठेवावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

दिनकर गंगाधर केळकर यांचा जन्म १० जानेवारी १८९६ चा. पुण्यात त्यांचा चष्म्याचा व्यवसाय होता. दिवसभर दुकानात बसून लोकांच्या डोळ्यांची सोय पाहणारा हा गृहस्थ मराठी वाचकांना मात्र वेगळ्याच नावाने ठाऊक होता. 'अज्ञातवासी' या टोपणनावाने ते कविता लिहीत. इतिहासाची त्यांना ओढ होती. ज्या काळाविषयी लिहायचे त्या काळातील माणसे कोणत्या वस्तू हाताळीत होती, कोणत्या उजेडात बसत होती, हे पाहण्याची जिज्ञासा अशा कवीला होणे स्वाभाविकच होते. पुढे 'अज्ञातवासी' हे नाव मागे पडले आणि वस्तूंचा वेध घेणारे काका केळकर पुढे आले. पण माझ्या मते त्यांच्यातला कवी संपला नाही. त्याने फक्त शब्दांऐवजी वस्तू वेचायला घेतल्या.

संग्रहाला प्रारंभ झाला तो १९२० च्या सुमारास. हा काळ लक्षात घेण्याजोगा आहे. मुंबईचे प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम लोकांसाठी खुले झाले ते १९२२ साली. वस्तुसंग्रहालय म्हणजे राजेरजवाड्यांच्या मौल्यवान चिजा, प्राचीन मूर्ती, नाणी आणि चित्रे अशी सर्वसाधारण समजूत त्या काळी होती. अशा वेळी मध्यम स्थितीतला एक दुकानदार अडकित्ते, कुलुपे, दौती, पाय घासायच्या वजऱ्या, स्वयंपाकघरातली भांडी आणि दिवे जमवू लागला. ज्या वस्तूंकडे घरची माणसेही दुसऱ्यांदा पाहत नसत, त्या वस्तू पाहण्यासाठी हा माणूस परगावी जाई, माळे धुंडाळी, जुन्या बाजारात फिरे. युरोपात असा विचार आधी एकाने केला होता. स्वीडनच्या आर्टुर हाझेलिउस यांनी १८७३ साली स्टॉकहोममध्ये शेतकऱ्या-कष्टकऱ्यांच्या नित्याच्या वस्तूंचा संग्रह लोकांसाठी उघडला आणि १८९१ मध्ये स्कान्सेन येथे जुनी घरेच्या घरे आणून उभी केली. पण हाझेलिउस यांच्यामागे पुढे एक मोठी संस्था उभी राहिली. केळकरांच्या मागे बरीच वर्षे होते ते एक दुकान आणि एक राहते घर.

त्यांच्या चिकाटीची कल्पना यावी म्हणून एक साधा हिशेब मांडतो. १९२० ते १९६० या ४० वर्षांत त्यांच्याजवळ सुमारे १५,००० वस्तू जमल्या. ४० वर्षांचे दिवस होतात १४,६००. म्हणजे सणवार, आजारपण, दुकानाच्या अडचणी, महायुद्धाची महागाई हे सारे धरूनसुद्धा सरासरी दिवसाला एक वस्तू. आपल्यापैकी किती जण ४० वर्षे दररोज एक गोष्ट नेमाने करू शकतील?

त्यांनी वेळही अचूक गाठली. पेशवाईनंतरच्या शंभर वर्षांत जुनी घराणी खालावली होती. वाडे होते, पण त्यांची डागडुजी करण्याचे बळ नव्हते. वाटण्या झाल्या की दिवाणखान्याची दोन घरे होत, आणि दिवाणखाना गेला की त्यातली झुंबरे, हंड्या नि समया टांगायला किंवा ठेवायला जागाच उरत नसे. हे आपल्याला पुण्यापर्यंत जाऊन पाहायला नको. आपले भोर हेच पंतसचिवांच्या संस्थानाचे गाव. १८६९ साली बांधलेला राजवाडा आजही गावात उभा आहे. ८ मार्च १९४८ रोजी संस्थान विलीन झाले. संस्थानी गाव ही कारकून, मानकरी, पुजारी आणि कारागीर यांची एक साखळी असते. संस्थान गेले की त्या साखळीतल्या घराघरांतले जुने सामान अडगळ ठरू लागते. पुढे स्टीलची भांडी आली. मग पितळी समई, तांब्याचा हंडा, घंगाळ हे सारे तराजूत बसले आणि मोडीत गेले. मोडीत घालणे हा आपल्या भाषेतला शब्द किती खरा आहे पाहा! मोड झालेल्या वस्तूला फक्त वजन असते. तिचा आकार, तिचा उपयोग, तिच्यावर ठोके घालणाऱ्या कारागिराचा हात, यांपैकी काही तराजूत येत नाही. केळकर उभे राहिले ते त्या तराजूच्या आड.

त्यांच्या संग्रहातील दिव्यांविषयी मला विशेष लिहावयाचे आहे. समई, निरांजन, पंचारती, लामणदिवा, हाती दिवा धरून उभी असलेली दीपलक्ष्मी, पशुपक्ष्यांच्या आकारांचे दिवे, नाना प्रांतांतल्या नाना घडणी त्यांनी जमविल्या. सारे दिवे एकाच तत्त्वावर चालतात. तेल, वात आणि हवा. परंतु दिवा कोठे लावायचा यावरून त्याचे रूप ठरते. समई जमिनीवर ठेवायची आणि तिचा उजेड बसलेल्या माणसापर्यंत पोहोचायचा, म्हणून तिला उंच दांडा आणि तोल राखायला रुंद, जड बैठक. लामणदिवा साखळीने टांगायचा किंवा लग्नकार्यात हाती धरायचा, म्हणून त्याचे वजन खाली आणि आकडी वर. निरांजन ताम्हनात ठेवून ओवाळायचे, म्हणून ते लहान, तुपाच्या एका वातीपुरते. हा विचार ध्यानात आला की दिवा ही शोभेची वस्तू राहत नाही. ती एका घराची, एका कामाची आणि एका सवयीची साक्ष होते. केळकरांनी दिव्यांवर इंग्रजीत एक पुस्तकही लिहिले. भारतातील दिवे हा त्याचा विषय. केंद्र सरकारच्या प्रकाशन विभागाने ते १९६१ साली प्रसिद्ध केले.

दिवा जमविण्याची हीच घडी होती. केळकरांच्या आयुष्यात उजेडाचे तीन युग येऊन गेले. ते जन्मले तेव्हा घरात समई होती आणि रॉकेलची चिमणी नि कंदील येऊन बसले होते. १९१५ साली टाटांच्या खोपोलीच्या वीजगृहातून मुंबईला वीज जाऊ लागली. पुढे ती पुण्यात आली आणि एका बटणाने समईला देवघरात पाठवून दिले. खेड्यांना मात्र थांबावे लागले. १९२८ साली पुरे झालेल्या भाटघरच्या धरणाचे पाणी खाली बारामतीकडच्या उसाला गेले, पण धरणाच्या काठची आपली गावे पुढे किती तरी वर्षे कंदिलाच्याच उजेडात जेवत होती. १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ स्थापन झाले आणि त्यानंतरच्या दोन-तीन दशकांत डोंगरकपारीपर्यंत खांब पोहोचले. म्हणजे शहरात जो दिवा काका केळकर संग्रहात ठेवीत होते, तोच दिवा त्याच वेळी वेल्ह्याच्या एखाद्या घरात रोजच्या वापरात असण्याचा संभव होता. संग्राहकाला हे भाग्य फार थोडा काळ लाभते. वस्तू जात असते, पण ती वापरणारा माणूस अजून समोर असतो आणि ती कशी वापरायची हे सांगू शकतो. तो माणूस गेला की उरतो फक्त धातू.

ज्या १९६१ साली दिव्यांवरचे त्यांचे पुस्तक निघाले, त्याच वर्षी १२ जुलैला पानशेतचे धरण फुटले. पानशेत वेल्हे तालुक्यातले. आंबी नदीचे ते पाणी खडकवासल्याचे धरण फोडून पुण्यात शिरले आणि नदीकाठच्या पेठांमधले जुने वाडे त्याने बसविले. माणसे गेली, संसार गेले. त्या संसारांबरोबर माळ्यांवरच्या पेट्या, देवघरातल्या समया, पिढ्यान्पिढ्यांची भांडीही चिखलात गेली. त्यांची मोजदाद कोणी केली नाही आणि त्या दुःखापुढे ती करण्याचे कोणाला सुचणारही नव्हते. पण आज विचार करताना वाटते की, त्या पेठांमधून आधीच्या ४० वर्षांत एका माणसाने ज्या वस्तू उचलून नेल्या असतील, तेवढ्याच त्या घरांच्या खुणा म्हणून शिल्लक राहिल्या. जुनी वस्तू आज ना उद्या कोणीतरी सांभाळील हा आपला समज किती पोकळ आहे हे एका दुपारीत सिद्ध झाले.

आता त्यांच्या आयुष्यातल्या सर्वांत मोठ्या दुःखाकडे वळतो. केळकरांना राजा नावाचा एकुलता एक मुलगा होता. तो लहान वयातच गेला. पुढे आपल्या संग्रहाला त्यांनी या मुलाचे नाव दिले. बाजीराव रस्त्यावर, शुक्रवार पेठेत नातूबागेजवळ असलेल्या या संग्रहालयात परगावचे लोक जातात, तेव्हा पुष्कळांना वाटते की दिनकर केळकर नावाचे कोणी राजे होऊन गेले असावेत. 'राजा दिनकर केळकर' हे नाव आपल्या मराठी रीतीने वाचावे. आधी मुलाचे नाव, मग वडिलांचे, मग आडनाव. शाळेच्या हजेरीपटावर त्या मुलाचे नाव जसे लिहिले गेले असते तसेच ते दारावरच्या पाटीवर आहे. वडील त्यात आहेत, पण मधल्या जागी, मुलाच्या मागे. मला हे कळले तेव्हा त्या इमारतीविषयीची माझी दृष्टीच बदलली. ज्याचा मुलगा लहानपणीच गेला त्याने हजारो वस्तूंचा वारसा उभा केला आणि तो मुलाच्या नावावर लावून दिला.

या कामात त्यांच्या पत्नी कमलाबाई यांची साथ होती. घरात रोज एक जुनी वस्तू येणार, ती पुसायची, ठेवायची, तिच्यासाठी स्वतःची जागा कमी करायची, आणि दुकानाच्या मिळकतीतला पैसा अडकित्त्यांवर नि दिव्यांवर खर्च होताना पाहायचा, हे सोपे नसते. संग्राहकाचे नाव होते. त्याच्या घरच्या माणसाचे नाव बहुधा होत नाही. म्हणून कमलाबाईंचा उल्लेख केल्यावाचून हे चरित्र पुरे होणार नाही.

संग्रह वाढत गेला. कोथरूडला बाजीरावाने मस्तानीसाठी बांधलेल्या महालाचे अवशेषही त्यांनी आणले आणि संग्रहालयात ते दालन पुन्हा उभे केले. आज तेथे २०,००० वर वस्तू आहेत. त्यांपैकी एका वेळी मांडता येतात त्या सुमारे २,५००. पुढे हा सारा ठेवा त्यांनी महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. पुणे विद्यापीठाने त्यांना डी. लिट्. दिली, सरकारने पद्मश्रीने गौरविले. १७ एप्रिल १९९० रोजी, वयाच्या ९५ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

येथपर्यंत चरित्र झाले. पण एक प्रश्न मला सोडीत नाही, आणि तो टाळून फक्त गुणगान करणे मला योग्य वाटत नाही. जुन्या वस्तू विकणारा बहुधा गरजू असतो आणि घेणारा जाणकार असतो. विकणाऱ्याला जी अडगळ वाटते तिची खरी किंमत घेणाऱ्याला ठाऊक असते. मग संग्राहकात आणि दलालात फरक कोणता? याचे उत्तर खरेदीत सापडत नाही. ते शेवटी सापडते. दलाल वस्तू घेतो ती पुढे जास्त भावाने विकण्यासाठी. हौशी श्रीमंत घेतो ती आपल्या दिवाणखान्यात ठेवण्यासाठी. केळकरांनी घेतले ते अखेरीस सर्वांना देऊन टाकण्यासाठी. ज्या घरातून समई गेली, त्या घरातला नातू आज तिकीट काढून ती पाहू शकतो. या एका गोष्टीने त्यांच्या सत्तर वर्षांच्या घेण्याला देण्याचे रूप आले. आम्ही लहान-मोठे छंदी लोक जेथे कमी पडतो ते नेमके येथे. जमविणे आम्हाला जमते, देणे जमत नाही.

दुसरा प्रश्न माझ्या नादापुरता आहे. संग्रहालयातले दिवे लावलेले नसतात. ते बरोबरच आहे. तेलाने, काजळीने आणि उष्णतेने जुना धातू खराब होईल. पण न लावलेला दिवा पाहताना त्याचे अर्धे चरित्र आपल्याला दिसत नाही. १९७८ साली बर्लिनच्या टिअरगार्टन बागेत रस्त्यावरच्या जुन्या वायुदीपांचे एक खुले संग्रहालय सुरू झाले. वेगवेगळ्या शहरांतले सुमारे ९० दिवे तेथे खांबांसकट उभे केले आणि संध्याकाळी ते लावले जात. ही दुसरी वाट मला जवळची वाटते, कारण विजेचा दिवा पुन्हा लावता येतो. सोडियमच्या जुन्या दिव्यात चोक, इग्नायटर आणि कपॅसिटर असे तीन भाग असतात. इग्नायटर क्षणभर मोठा दाब देऊन दिवा पेटवितो, चोक पुढे प्रवाह आवरून धरतो. दिवा आधी मंद तांबूस होतो आणि काही मिनिटांनी पूर्ण पिवळा उजेड देतो. ज्याने हा उजेड चढताना पाहिला नाही, त्याला त्या रस्त्यांवरची संध्याकाळ कशी होती हे चित्रावरून कळणार नाही. अर्थात यात जपावे लागते. कपॅसिटरमध्ये वीज साठून राहते, ती आधी उतरवून घ्यावी लागते. वर्षानुवर्षे तापलेल्या वायरचे आवरण बोटाने चुरते, म्हणून ती सगळीच बदलावी लागते. आणि पत्र्याच्या टोपीला अर्थिंग दिल्याशिवाय दिवा लावणे हे जिवाशी खेळणे होय.

समईवर जी वेळ शंभर वर्षांपूर्वी आली, तीच आता या दिव्यांवर आली आहे. २०१५ पासून देशभर रस्त्यांवर एलईडी दिवे बसविण्याचा मोठा कार्यक्रम सुरू झाला. विजेची बचत होते, उजेड स्वच्छ पडतो, आणि त्याविषयी तक्रार करण्याचे कारण नाही. पण त्यामुळे चाळीस वॉटच्या नळीचे लांब दिवे, मर्क्युरीचे निळसर पांढरे दिवे आणि सोडियमचे पिवळे दिवे खांबांवरून उतरले आणि ॲल्युमिनियमच्या भावाने विकले गेले. आपल्या गावात पहिला खांब कोठे उभा राहिला, त्याच्याखाली कोण अभ्यासाला बसत असे, कोणत्या वायरमनने तो जोडला, हे सांगणारी माणसे आज भोरला आणि वेल्ह्याला आहेत. आणखी वीस वर्षांनी ती नसतील.

काका केळकरांच्या चरित्रातून मी घेतला तो धडा एवढाच आहे. वस्तू मौल्यवान ठरल्यावर तिला सांभाळायला पुष्कळ जण येतात. ती कवडीमोल असते तेव्हा तिला उचलणारा एखादाच असतो, आणि त्याला लोक हसतात. म्हणून माझी सहाध्यायी मित्रमैत्रिणींना आणि गुरुजनांना एक विनंती आहे. महाविद्यालयाच्या इतिहास विभागात एक कपाट या दोन तालुक्यांतल्या दिव्यांसाठी द्यावे. चिमणीपासून सोडियमपर्यंत प्रत्येकी एक नमुना तेथे असावा. प्रत्येकाला एक चिठ्ठी जोडावी. तिच्यावर गावाचे नाव, वापराची वर्षे आणि तो कसा लावीत याची माहिती असावी. माझ्याजवळ आहेत ते सर्व दिवे त्या कपाटाला देण्याची माझी तयारी आहे. देण्यावाचून संग्रह पुरा होत नाही, हे ज्यांनी स्वतः करून दाखविले त्या काका केळकरांच्या स्मृतीस माझे विनम्र अभिवादन.